हिंदी वाचणाऱ्या नातवाला मराठीतल्या प्राण्यांच्या कोणत्या गोष्टी द्याव्यात?

आपला सहा वर्षांचा नातू इंदुरातल्या शाळेत हिंदी वाचायला शिकला आहे आणि आता त्याला मराठी वाचता यावे म्हणून प्राण्यांच्या सोप्या गोष्टी हव्या आहेत, असे आपण लिहिले आहे. मीही इंदूरचीच असून माझ्या नातीला याच वाटेने मराठीकडे आणले.

लिपी एकच असल्यामुळे अर्धे काम झाले, असे मला सुरुवातीला वाटले होते. पण तिने 'कावळा' हा 'कावला' वाचला, 'माकड' म्हणजे मकडी समजून चित्रात जाळे शोधले आणि 'जहाज बंदराला लागले' या वाक्यावर तर ती हसतच सुटली.

खरी अडचण मात्र सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपाची असते. पहिल्या ओळीत 'ससा' वाचलेल्या मुलाला दुसऱ्या ओळीत 'सशाने' दिसले, की कोणी नवाच प्राणी आला असे त्याला वाटते. 'उंदीर' आणि 'उंदराला' यांचेही तेच. म्हणून ससा-कासवाची गोष्ट आपल्याला कितीही सोपी वाटली, तरी ती पहिली देऊ नये. विभक्ती लागल्यावरही ज्यांचे मूळ नाव डोळ्यांना जसेच्या तसे दिसते, असे बदक, वाघ, हरण, माकड आधी घ्यावेत. कोल्हा, म्हैस आणि अस्वल जोडाक्षरांमुळे थोडे थांबू शकतात.

या दृष्टीने पंचतंत्रातली माकड आणि मगरीची गोष्ट मला सर्वांत उपयोगी पडली. 'मगर' हिंदीमुळे ओळखीची असते आणि 'जांभळे' व 'काळीज' हे शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने 'ळ' वेगळा शिकवावा लागत नाही. 'काळीज'मधला 'ज' मात्र आपण एकदा वाचून ऐकवावा. चिऊ-काऊची गोष्ट बहुतेक मुलांना तोंडपाठ असते, त्यामुळे ती वाचत नाहीत, म्हणतात! त्यावर मी एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या मिसळून दिल्या, तेव्हा तिला अक्षरांकडे पाहावेच लागले.

पुढे कमला नेहरू प्राणिसंग्रहालयातून परतल्यावर ती जे बोलली, तेच मी वहीत मोठ्या अक्षरांत उतरवले. ती 'माकड बघत होता' म्हणाली होती आणि मी 'होते' लिहिले. वाचताना ती तिथे अडखळली आणि 'आजी, तू चुकलीस' म्हणाली, तेव्हा 'ते माकड' समजावण्यात आमची सगळी संध्याकाळ गेली.