एक संगणक, दोन दोष

प्रश्न : आमचा घरचा डेस्कटॉप संगणक सहा वर्षांचा आहे. गृहनिर्माण संस्थेचे हिशेब मी त्यावर ठेवतो आणि दुपारी नात त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ पाहते. मार्चपासून तो कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडतो. दुपारी लावला की वीस-पंचवीस मिनिटांत बंद, आणि लगेच पुन्हा लावला तर पाच मिनिटांतच. संध्याकाळी तास-दीड तास नीट चालतो. पण घरातले दिवे क्षणभर लुकलुकले, की यूपीएस असूनही बंद होतो. ओळखीच्या तंत्रज्ञाने दोनदा फॉरमॅट मारून दिला. आता मदरबोर्ड बदलावा लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का?
— एक ज्येष्ठ वाचक, ऐरोली

उत्तर : तूर्त करू नये. आपण संगणक केव्हा बंद पडतो हे वेळेसह लिहिलेत, त्यामुळे निदान पुष्कळ सोपे झाले. माझ्या मते आपल्या घरी एक नव्हे, दोन स्वतंत्र दोष आहेत. दुपारचे बंद पडणे उष्णतेमुळे आहे आणि दिवे लुकलुकल्यावरचे बंद पडणे यूपीएसच्या बॅटरीमुळे आहे. दोन्ही वेळा परिणाम सारखाच दिसत असल्यामुळे ते एकच दुखणे समजले गेले आणि उपाय भलत्याच ठिकाणी झाला.

सर्वांत आधी संस्थेच्या हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लिहिण्याचे काम चालू असताना वीज तुटली तर फाइल अर्धवट राहू शकते, आणि अशा फाइली परत मिळवणे हे संगणक दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

फॉरमॅटने गुण का आला नाही, ते आता पाहू. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाच्या व्हायरसमुळे विंडोज एक्सपी साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून पुन्हा सुरू होत असे. ‘संगणक बंद पडतो म्हणजे व्हायरस’ हा समज त्या सुमारास अनेकांच्या मनात पक्का बसला. परंतु तेव्हा निदान सूचना तरी येत होती. आपला संगणक मात्र दिव्याचे बटण बंद करावे तसा विझतो, आणि असा विझणारा संगणक बहुतेक वेळा वीज किंवा उष्णता यांच्यामुळेच बंद होतो. याची खात्री घरी करता येते. संगणक लावताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ व्यवस्थेच्या, पडद्यावर जा आणि तो तसाच अर्धा तास राहू द्या. तेथे विंडोज सुरूच झालेले नसते. तेथेही तो बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे. तेथे मात्र टिकला, तर एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण त्या पडद्यावर प्रोसेसरला, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपला, फारसे काम नसते.

आता दुपारच्या दोषाकडे वळू. प्रोसेसर तापू लागला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिले, तर चिप जळू नये म्हणून यंत्रणा वीजच तोडते. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत वेग कमी होण्याची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे आपला संगणक बंद पडून स्वतःचा जीव वाचवत आहे. पुन्हा लावल्यावर पाच मिनिटांतच बंद पडणे ही याची सर्वांत बोलकी खूण होय, कारण हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, अजून गरमच असते. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर लगेच लावून बायोसमधील हार्डवेअर मॉनिटरवर प्रोसेसरचे तापमान वाचा. ते सत्तर-ऐंशीच्या पुढे दिसले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. दुसरी परीक्षाही बिनखर्चाची आहे. कॅबिनेटची बाजूची पत्री काढा, समोर टेबल फॅन लावा आणि भर दुपारी नातीला व्हिडिओ पाहू द्या. दोन तास संगणक चालला, तर निदान झाले.

आपल्याकडच्या घरांत उष्णतेची दोन कारणे मला वारंवार आढळतात. एक म्हणजे संगणकाचे टेबल. त्यात कॅबिनेटसाठी केलेला लाकडी कप्पा तिन्ही बाजूंनी बंद असतो आणि मागून भिंतीला टेकलेला असतो. पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच कप्प्यात घोटाळत राहते आणि पुन्हा आत ओढली जाते. काही घरांत त्यावर हौसेने शिवलेले कापडी आवरणही असते आणि ते संगणक चालू असतानाही काढले जात नाही. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून मागे वीतभर मोकळी जागा ठेवली, तरी पुष्कळ फरक पडतो. दुसरे कारण धूळ. घोडबंदर रस्ता असो की ऐरोली-घणसोली, बांधकामाची बारीक धूळ खिडकीतून येतच असते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ती पंखा व हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी घट्ट बसते. वरून पंखा फिरताना दिसतो, खाली मात्र हवा पोहोचत नाही.

सफाई करताना वायर भिंतीतून काढून ठेवा. मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा, मात्र हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो अतिवेगाने फिरून त्याची बेअरिंग बिघडू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका. त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. त्यानंतर हीटसिंक हलक्या हाताने हलवून पाहा. इंटेलच्या प्रोसेसरांबरोबर येणारा साधा पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो आणि त्यांतली एक जरी सुटली, तरी हीटसिंक एका बाजूने उचलली जाते. धूळ झटकूनही संगणक तापतच राहिला, तर मी प्रथम या खुंट्यांकडे बघतो. सहा वर्षांत हीटसिंकखालची उष्णता वाहून नेणारी पेस्टही वाळून खडूसारखी झाली असण्याचा संभव आहे. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हरभऱ्याच्या डाळीएवढा नवा थेंब लावायचा असतो. जास्त लावल्याने अधिक फायदा होत नाही. हे काम पूर्वी केले नसेल तर तंत्रज्ञाकडून, पण आपल्यासमोर, करून घ्यावे.

यूपीएसबद्दल. घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते आणि आपल्या उष्ण हवेत ती दोन-तीन वर्षांतच थकते. हिरवा दिवा लागतो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तो दिवा बाहेरून वीज येत असल्याचे सांगतो, बॅटरीत जीव असल्याचे नव्हे. वीज क्षणभर खाली आली की यूपीएस बॅटरीकडे वळते. तेथे काहीच न मिळाल्याने संगणक विझतो. परीक्षा संगणकावर करू नका. यूपीएसला ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. बल्ब काही मिनिटे जळला तर ठीक, लगेच विझला तर बॅटरी बदला. यूपीएस नवा घेण्याची गरज सहसा नसते. जुन्या बॅटरीत शिसे असते. ती कचऱ्यात न टाकता दुकानदाराकडेच परत द्या.

हे दोन्ही उपाय करूनही बंद पडणे थांबले नाही, तरच एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधील वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्यावा. त्याची एक ठळक खूण अशी, की संगणक एकदा विझल्यावर बटण दाबूनही लागत नाही, आणि वायर मिनिटभर भिंतीतून काढून ठेवल्यावरच लागतो. एसएमपीएसमधील संरक्षक यंत्रणा तोवर अडून बसलेली असते. नवा घेताना खोक्यावरील ‘४५० वॅट’ या मोठ्या अक्षरांवर विसंबू नका. चिटोऱ्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. तेथे १६ लिहिले असतील, तर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड ज्या १२ व्होल्टवर चालतात, त्यासाठी केवळ १९२ वॅट मिळणार आहेत. एसएमपीएस घरी कधीही उघडू नका. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साचतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

तंत्रज्ञ कदाचित विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून एसएमपीएस किंवा बोर्ड गेला असे सांगेल. या नोंदीचा अर्थ इतकाच की, मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते. कशामुळे, हे त्यात नसते. नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर निळ्या पडद्याची चूक नोंदली गेलेली नाही, एवढे कळते, आणि तेही वीज-उष्णतेच्या बाजूनेच बोट दाखवते. मदरबोर्डचा विचार या सर्वांनंतर. त्यावरील दंडगोल कपॅसिटरांची टोपणे फुगलेली किंवा पाझरलेली दिसली, तर त्या तंत्रज्ञाचे म्हणणे खरे मानावे. ती सपाट असतील, तर बोर्ड बदलण्याचे नेमके कारण त्याला विचारावे.

प्रश्न : रॅम वाढवून घेतल्यापासून संगणक बंद न होता निळा पडदा चमकून आपोआप रीस्टार्ट होतो. मजकूर वाचायलाही वेळ मिळत नाही.
— एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : आपला दोष वरच्या पत्रातल्यापेक्षा वेगळा आहे. अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात जाऊन आपोआप रीस्टार्ट होण्यापुढील खूण काढा, म्हणजे पडदा थांबेल आणि त्यावरील कोड लिहून घेता येईल. मग नवी रॅम काढून जुन्या एकट्या रॅमवर दोन दिवस काम करा. चूक थांबली, तर नव्या रॅमचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने पुसून, कण झटकून पुन्हा बसवा आणि विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक चालवा. त्यात दोष निघाला, तर वॉरंटीत बदलून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यापासून आमचा संगणक लावल्यावर चार-पाच सेकंदांतच बंद होतो. कधी नीट चालतो, कधी दहा वेळा असेच होते.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : पॉवरचे बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद होतो. आपले बटण दमट हवेने गंजून किंवा धुळीने अडकून आतच दाबलेले राहत असावे. संगणक लागताच बटणाकडून मदरबोर्डवर येणारी दोन टोकांची बारीक वायर हलकेच ओढून काढा. संगणक चालू राहिला, तर दोष बटणाचा. कॅबिनेट बदलण्याचे कारण नाही. रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावा आणि यापुढे रिसेटच्या बटणानेच संगणक चालू करा.