वाचक विचारतात : फुकट छत्री आणि बुडालेली जहाज कंपनी

प्रश्न : व. उ. चिदंबरम पिल्ले यांची स्वदेशी जहाज कंपनी इंग्रज कंपनीनं फुकट छत्र्या वाटून बुडवली, असं वाचलं. लोक पाठीशी असताना कंपनी एवढ्यानं कशी बुडते?

उत्तर : छत्री लक्षात राहते, म्हणून सगळा दोष तिच्या माथी. हिशेब मांडून पाहू.

तमिळनाडूतल्या तुतिकोरिन बंदराचे वकील पिल्ले यांनी ऑक्टोबर १९०६मध्ये 'स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' नोंदवली. भांडवल दहा लाख : पंचवीस रुपयांचा एक, असे चाळीस हजार शेअर. मार्ग एकच, तुतिकोरिन ते कोलंबो, सुमारे दीडशे सागरी मैल. त्यावर 'ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन'ची मक्तेदारी होती.

पहिली जहाजं भाड्याची. प्रतिस्पर्ध्यानं जहाजमालकावर दाब आणून तो करारच मोडायला लावला. मग सिलोनहून एक जहाज भाड्यानं आणून फेऱ्या कशाबशा चालू ठेवल्या आणि पिल्ले शेअर विकायला देशभर हिंडले. जहाज घेऊनच परतेन, नाहीतर समुद्रात जीव देईन, असं ते म्हणत. १९०७मध्ये 'गॅलिया' आणि 'लावो' या दोन आगबोटी आल्या. एकेका बोटीत साधे उतारू १३००, पहिल्या वर्गाचे ४२, दुसऱ्या वर्गाचे २४, शिवाय मालाची ४००० पोती.

खरी लढाई इथून पुढे. इंग्रज कंपनीनं तिकीट एक रुपयावर आणलं, स्वदेशीनं आठ आण्यांवर. आता बोट खच्चून भरली, १३०० उतारू आले, तरी साध्या तिकिटांचे मिळून ६५० रुपये. कोळसा, खलाशांचे पगार, बंदराचं भाडं यांना तिकीट उतरलेलं कळत नाही. बोट रिकामी गेली तरी बॉयलर पेटवावाच लागतो. त्यावर समोरून फुकट प्रवास आणि वर छत्री! त्या कंपनीला हा तोटा इतर मार्गांवरच्या कमाईतून भरून काढता येत होता. स्वदेशीला दुसरा मार्गच नव्हता.

तरीही कंपनी तगून होती. घाव बसला तो १२ मार्च १९०८ला, पिल्ले यांना अटक झाली तेव्हा. राजद्रोहाच्या खटल्यात दोन जन्मठेपी, म्हणजे चाळीस वर्षं. अपिलात ती शिक्षा कमी झाली. पण शेअर विकणारा, व्यापाऱ्यांना धरून ठेवणारा माणूस तो एकटाच. सगळा डोलारा एका माणसावर उभा करणं ही आमच्या मते पिल्ले यांचीच चूक. १९११मध्ये कंपनी गुंडाळली आणि जहाजं प्रतिस्पर्ध्यांकडेच गेली.

प्रश्न : सुटल्यावर त्यांनी पुन्हा जहाजाचा धंदा का केला नाही?

उत्तर : कशाच्या जोरावर करणार? डिसेंबर १९१२मध्ये सुटले तेव्हा कंपनी संपलेली, वकिलीची सनद गेलेली, तिरुनेलवेली या त्यांच्या जिल्ह्यात परतायला मनाई. कोइमतूरच्या तुरुंगात त्यांना बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपलं होतं. मद्रासेत त्यांनी किराण्याचं आणि रॉकेलचं दुकान टाकून पाहिलं. सनद पुढे परत मिळाली, तीही वॉलेस नावाच्या इंग्रज न्यायाधीशामुळे. त्या उपकाराची आठवण म्हणून पिल्ले यांनी धाकट्या मुलाचं नाव ठेवलं वालेश्वरन.