जुन्या पेरणी यंत्रावर १८ हजार घालावेत, की ६८ हजारांचं नवं घ्यावं?

प्रश्न: सिन्नर तालुक्यात आमची शेती आहे. वडिलांनी १९९८ साली घेतलेलं ट्रॅक्टरचं नऊफणी पेरणी यंत्र अजून वापरतो. गेल्या खरिपात ओळी विरळ-दाट पडल्या आणि दीड एकर सोयाबीन दुबार पेरावं लागलं. कारागिराने दुरुस्तीचे १८,४०० रुपये सांगितलेत: ९ रोलर (पेटीतून बी मोजून सोडणारे) ३,६००, बियाण्याचा व खताचा शाफ्ट (रोलर फिरवणारा दांडा) १,८००, चेन-चक्र्या २,४००, बेअरिंग १,२००, नळ्या ९००, ९ फाळ ३,१५०, खतपेटीचा नवा पत्रा ३,३५०, रंग २,०००. नवं यंत्र ६८,००० ला आहे. खरिपात ७ आणि रब्बीत ४ एकर पेरतो. भाड्याने एकरी ९०० रुपये पडतात. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव नोव्हेंबरमध्ये पिकते, ती मोडून नवं घेऊ का?

उत्तर: ठेव मोडू नका. यंत्र दुरुस्त करा, पण १८,४०० ची यादी आहे तशी मान्य करू नका.

आधी हिशेब पाहू. घरच्या यंत्राला एकरी डिझेल आणि तुमची मेहनत मिळून ३५० रुपये धरले, तर भाड्याच्या तुलनेत एकरी ५५० वाचतात. ११ एकरांचे वर्षाला ६,०५० झाले. एवढ्या बचतीतून ६८,००० वसूल व्हायला ११ वर्षं लागतील. अर्ध्या किमतीचं अनुदान मिळालं असं धरलं, तरी साडेपाच वर्षं. शेजाऱ्यांची १५-२० एकर पेरणी पक्की हातात असती, तर माझं उत्तर बदललं असतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

पण एक पैसाही घालण्याआधी सांगाडा तपासा. मुख्य दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. मधे सेंटिमीटरभराहून जास्त बाक दिसला, किंवा ट्रॅक्टरला जोडायच्या पिनांपाशी वेल्डिंगला तडे असले, तर दुरुस्तीचा विषयच सोडा आणि हे वर्ष भाड्याने काढा. वाकलेल्या सांगाड्यावर नवे फाळ लावले तरी ते एका खोलीवर चालत नाहीत. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरवरच पडायला हवं. त्याहून खोल गेलेलं बरंचसं वर येत नाही.

सांगाडा सरळ निघाला तर खर्चाचा क्रम असा ठेवा. रोलर, दोन्ही शाफ्ट, चेन-चक्र्या, बेअरिंग आणि नळ्या यांचे ९,९०० रुपये करायचेच, आणि सगळं एकदम. इथे बहुतेकांची चूक होते: पैसे वाचवायला नवे रोलर जुन्याच शाफ्टवर चढवतात. चौकोनी शाफ्टचे कोपरे इतक्या वर्षांत गोल झालेले असतात. शाफ्ट घट्ट धरून रोलर हाताने फिरवून पाहा. तो पुढेमागे हलला, तर नवा रोलरही तसाच हलेल आणि एका ओळीत दाणे जास्त, दुसरीत कमी, हा प्रकार सुरूच राहील. चेनचंही तेच. अर्धा इंच पिचची (दोन पिनांमधल्या अंतराची) चेन असेल तर १२ कड्या ताणून मोजा. नवी १५२ मिलिमीटर भरते, १५५ च्या पुढे गेली की ती गेली. झिजलेल्या चक्रीवर नवी चेन चढवली तर ती लवकर ताणते आणि दात सोडते, म्हणून चेन आणि चक्री जोडीनेच बदला.

जुन्या स्थानिक यंत्रांची मापं एकमेकांना जुळत नाहीत, त्यामुळे अंदाजाने भाग आणू नका. जुना रोलर आणि शाफ्टचा तुकडा सोबत न्या. शाफ्ट तयार मिळाला नाही, तर नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नमुना दाखवून करून घ्या. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच डिझेल-ऑइल सोडून ठेवा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. टोक फुगतं आणि पुढे नव्या बेअरिंगला घासतं.

फाळ नऊच्या नऊ बदलायची गरज दिसत नाही. ट्रॅक्टरच्या चाकांमागे जमीन दबलेली असते, म्हणून तिथले जास्त झिजतात. ते ४ बदला, १,४०० रुपये. खतपेटीला आतून गंज खाल्लेल्या जागी पत्र्याचा तुकडा जोडा, साधारण ६०० लागतील. रंग यंदा नको. एकूण ११,९०० झाले. दोन वर्षांत वसूल.

हा पैसा का घालावा याचं मोठं कारण वेगळं आहे. ९० रुपये किलोच्या बियाण्याने एकरी ३० किलो म्हणजे २,७०० रुपये. गेल्या वर्षी दीड एकर दुबार पेरताना बियाण्याचेच ४,०५० गेले, डिझेल-मेहनतीचे सव्वापाचशे वर, आणि उशिरा पेरलेल्या पिकाचं उत्पन्न घटलं ते निराळं.

कारागिराला अर्धे पैसे आधी द्या, उरलेले चाचणीनंतरच. यादी आणि बिल लेखी घ्या. चाचणी तुमच्या दारातच होते. सोयाबीनसाठी नऊपैकी एकाआड एक अशा ५ ओळी उघड्या ठेवा, ४५ सेंटिमीटर अंतर मिळतं आणि यंत्राची रुंदी २.२५ मीटर होते. यंत्र उचलून चालक चाकाला, म्हणजे जमिनीवर फिरून रोलर चालवणाऱ्या चाकाला, टेप गुंडाळा. घेर १.२५ मीटर भरला, तर ५० फेऱ्यांत सुमारे १४० चौरस मीटर जागा पेरली जाते. नळ्यांखाली पाच पिशव्या बांधून चाक ५० वेळा फिरवा. एकरी ३० किलोच्या हिशेबाने एकूण १ किलो ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दर पिशवीत साधारण २०८ ग्रॅम बी यायला हवं. घेर वेगळा असला तर त्याच प्रमाणात आकडा बदला. एखादी पिशवी २०-२२ ग्रॅमहून जास्त फरक दाखवत असेल, तर त्या रोलरची खाच किंवा बैठक चुकली आहे, पैसे तेव्हाच थांबवा. पिशव्यांत दाण्याची डाळ दिसली तरी थांबा. सोयाबीनचं साल नाजूक, रोलर आणि तो ज्यात फिरतो त्या कपातली फट अरुंद असली की दाणा फुटतो आणि तो उगवत नाही. बीजप्रक्रिया केलेलं बी सावलीत सुकवूनच पेटीत भरा, ओलं बी रोलरला चिकटतं.

उन्हाळ कांदा असेल तर पैसे त्याच्या विक्रीतून काढा, पीककर्जातून नको. ते खत-बियाण्यासाठीच राहू द्या. काम अक्षय्य तृतीयेच्या आत उरका. मृग जवळ आला की वर्कशॉपवाल्याला तुमच्यासाठी वेळ नसतो.

नव्या यंत्राचा अर्ज मात्र आताच महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करून ठेवा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत अनुदान असतं. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केलीत तर ते मिळत नाही. शिवाय दुकानदाराला पूर्ण रक्कम आधी तुम्हीच मोजायची, अनुदान मागाहून खात्यात येतं. तेव्हा संमती आली तरी पूर्ण ६८,००० जवळ आहेत का, हे पाहूनच पुढे जा.