मत आयतं मिळालं म्हणता, मग 28 लाख नावं का कापली गेली?

"परदेशात बायकांना मतासाठी भांडावं लागलं, आपल्याकडे राज्यघटनेनं ते आयतं दिलं," हे तुम्ही लिहिलंय ते अर्धंच खरं आहे. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मीही बरीच वर्षं असंच सांगायचे.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली महिलांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री (भारताचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री) माँटेग्यूंना भेटलं. त्यांची एक मुख्य मागणी होती, पुरुषांच्या बरोबरीनं मत. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवायला सरकारनं नेमलेल्या साउथबरो समितीनं नाही म्हटलं, 1919 च्या भारत सरकार कायद्यानं निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी 1921 मध्ये होकार दिला, पण मालमत्तेची अट कायम. आता बाईच्या नावावर जमीन किती असणार? आजचे सातबारे काढून बघा!

खरी गंमत 1935 च्या कायद्यात आहे. ठरावीक मालमत्ता असलेल्या मतदाराची बायको म्हणून स्त्रीला मत मिळू लागलं. 1927 मध्ये पुण्यात पहिलं अधिवेशन भरवणाऱ्या अखिल भारतीय महिला परिषदेला ही नवऱ्याची अट मान्य नव्हती. मत हवं ते प्रौढ नागरिक म्हणून, एवढंच त्यांचं म्हणणं. डिसेंबर 1946 मध्ये याच परिषदेच्या हंसा मेहतांनी संविधान सभेत ठणकावून सांगितलं की आम्ही राखीव जागा कधीच मागितल्या नाहीत. आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. राज्यघटनेच्या कलम 326 मधला प्रौढ मताधिकार आला तो या सगळ्यानंतर.

तरी घोडं अडलंच. 1951-52 च्या निवडणुकीच्या याद्या करताना, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे 28 लाख नोंदी वगळल्या गेल्या. त्या वेळी हे क्रूर वाटलं असेल, पण मला सेन बरोबर वाटतात. 1935 च्या कायद्यात 'अमक्याची बायको' या ज्या ओळखीमुळे मत मिळत होतं, तीच ओळख आता चालणार नव्हती.

हे फार जुनं समजू नका. मतदार यादीच्या कामावर वाड्यावस्त्या फिरताना मी एका आजींना नाव विचारलं. "गणपाची आई लिहा की." पुन्हा विचारलं तर हसल्या नुसत्या. शेवटी सुनेनं आतून रेशनकार्ड आणलं, तेव्हा फॉर्मवर मुक्ताबाई लिहिता आलं.