‘दुसरा गाल पुढे कर’ म्हणजे ख्रिस्ती माणसाने अन्याय मुकाट्याने सोसायचा का?

नाही; येशूच्या त्या वचनात (बायबल, मत्तय 5:39) मनाई सुडाला आहे, अन्यायाविरुद्ध बोलायला नाही. महायाजकापुढे (यहुदी धर्मप्रमुखापुढे) चौकशी चालू असताना एका शिपायाने चपराक मारली तेव्हा खुद्द येशूनेच त्याला ‘का मारतोस’ म्हणून जाब विचारला (योहान 18:22-23). येशूचा प्रेषित, म्हणजे सुरुवातीचा धर्मप्रचारक, पौल याचे उदाहरण तर त्याहून रोखठोक आहे. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडू पाहिले. तो हलला नाही, रोमी नागरिकत्व सांगून (अशा नागरिकाला चौकशीविना फटके मारता येत नसत) त्याने अधिकाऱ्यांनाच तिथे यायला लावले (प्रेषितांची कृत्ये 16:37). पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली (25:11). जीव धोक्यात असेल तर निघून जाणे हा भित्रेपणा धरलेला नाही, मत्तय 10:23 मध्ये तशी स्पष्ट आज्ञाच आहे. त्यामुळे घरात मार खाणाऱ्या बाईला हे वचन ऐकवून गप्प बसवणे म्हणजे वचनाचा सरळसरळ गैरवापर. मतभेद आहे तो शस्त्राबाबत: ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितांनी काही अटींवर युद्ध न्याय्य मानले, मेनोनाइट आणि क्वेकर हे ख्रिस्ती पंथ मात्र परंपरेने शस्त्र हातीच धरत नाहीत.