शार्लट, रॉली-केरी की अटलांटा? एकाच गाडीवर कुठे निभेल?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: सध्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहता, घरात एकच गाडी, पत्नीला अजून ड्रायव्हिंग येत नाही, दोन मुलं शाळेत, आईवडील सहा महिन्यांसाठी येणार, आणि ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जायचंय. ऑफर तीन आहेत. एक शार्लटच्या अपटाउनमधल्या, म्हणजे शहराच्या मध्यभागातल्या बँकेची, एक रॉली-केरीजवळच्या रिसर्च ट्रँगल पार्क (आरटीपी) या कंपन्यांच्या वसाहतीतली आणि एक ‘अटलांटा’ची, जिचं ऑफिस खरं तर अल्फारेटा या उत्तरेकडच्या उपनगरात आहे.

माझं मत आधी सांगतो. एकाच गाडीवर राहायचं असेल तर शार्लट, आणि तेही तिथल्या ब्लू लाइन या लाइट रेलच्या स्टेशनजवळ घर मिळत असेल तरच. दुसरी गाडी घ्यायची तयारी असेल तर आरटीपीची ऑफर घेऊन शेजारच्या केरी-मॉरिसव्हिलमध्ये राहा. अल्फारेटा एका गाडीवर घेऊ नका.

‘कोणतं शहर मोठं, कोणतं वेगाने वाढतंय’ हे आकडे इथे फसवतात. 2020 च्या जनगणनेत शार्लट शहराची लोकसंख्या 8,74,579 आणि अटलांटाची फक्त 4,98,715. पण आजूबाजूचा सगळा परिसर धरला तर अटलांटा 60 लाखांच्या वर जातं आणि शार्लट साधारण 27 लाखांवर राहतं. शार्लटने वर्षानुवर्षं भोवतालची उपनगरं हद्दीत ओढून घेतली, अटलांटाची हद्द लहानच राहिली, एवढाच तो फरक. खरी वाढ बघायची तर हद्दीबाहेर बघा. अटलांटाच्या उत्तरेची फोर्साइथ काउंटी दहा वर्षांत 1,75,511 वरून 2,51,283 वर गेली आणि मॉरिसव्हिल 18,576 वरून 29,630 वर. आपली बरीच मंडळी अशाच ठिकाणी घरं घेतात.

न्यू जर्सीत राज्यभर ट्रान्झिट, म्हणजे सार्वजनिक वाहतूक, मुख्यतः एकच संस्था चालवते, त्यामुळे एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. दक्षिणेत ट्रेन किंवा बस कुठपर्यंत जाणार हे बहुतेक वेळा काउंटीचे मतदार विक्रीकरावर मत देऊन ठरवतात. अटलांटाच्या मार्टा या वाहतूक संस्थेची रेल्वे 1979 पासून धावते, 38 स्टेशनं आहेत, आणि ती थेट विमानतळाच्या टर्मिनलमध्ये जाते. या तिन्ही ठिकाणांत सगळ्यात चांगली रेल्वे तीच. पण अटलांटाच्या शेजारच्या कॉब काउंटीने 1965 मध्ये आणि ग्विनेटने 1971 मध्ये मार्टाला नकार दिला. 2024 मध्येही या दोन्ही काउंट्यांनी ट्रान्झिटचा कर पुन्हा फेटाळला. अल्फारेटा फुल्टन काउंटीत आहे, म्हणजे मार्टाचा कर भरतं, तरी रेल्वे नॉर्थ स्प्रिंग्सलाच संपते. तिथून तुमचं ऑफिस आणखी कित्येक मैल उत्तरेला, जीए 400 या हायवेवरच्या गर्दीत. कमिंगला, म्हणजे फोर्साइथमध्ये घर घेतलंत तर मार्टाची बससुद्धा नाही. हीच कंपनी मिडटाउनमध्ये किंवा पेरिमीटर भागात असती तर मी डोळे झाकून मार्टाची स्टेशनं असलेल्या डनवुडी किंवा सँडी स्प्रिंग्सला अपार्टमेंट घ्या म्हटलं असतं. म्हणून कंपनीला एकदा विचाराच: टीम मिडटाउनमध्ये बसू शकते का? हो म्हणाले तर माझं उत्तर बदलतं.

आता शार्लट. ब्लू लाइन 2007 मध्ये साउथ बुलेव्हार्डच्या बाजूने सुरू झाली आणि 2018 मध्ये उत्तरेला यूएनसी शार्लट या विद्यापीठाच्या आवारापर्यंत गेली. आता सुमारे 19 मैल आणि 26 स्टेशनं आहेत. बँकांच्या इमारती अपटाउनमध्ये एकवटलेल्या असल्याने स्टेशनवरून पायी ऑफिस गाठता येतं. अपटाउनलगतच्या साउथ एंडला भाडी चढी आहेत. तुमच्यासाठी मी त्या विद्यापीठाभोवतीच्या युनिव्हर्सिटी सिटीकडे, मॅककलो किंवा जेडब्ल्यू क्ले स्टेशनच्या आसपास बघेन. तिथून अपटाउन अर्ध्या तासाच्या आत येतं. तिथली अडचणही सांगतो. त्या पट्ट्यात ट्रेन नॉर्थ ट्रायॉन स्ट्रीटच्या मधोमध धावते, म्हणजे स्टेशनला जाताना अनेक लेनचा रस्ता सिग्नलवर ओलांडावा लागतो. तुम्हाला त्यात काही वाटणार नाही, आईवडिलांना वाटेल. जाहिरातीत ‘स्टेशनपासून अर्धा मैल’ लिहिलेलं असतं ते सरळ रेषेत मोजलेलं असू शकतं. पायी रस्ता नकाशावर मोजा आणि स्ट्रीट व्ह्यूमध्ये फूटपाथ मध्येच तुटतोय का तेही पाहा.

शार्लटच्या दक्षिण टोकाच्या बॅलंटाइनला आपले लोक खूप आहेत, पण तिथे रेल्वे नाही. ब्लू लाइनच्या आय-485 स्टेशनवर गाडी लावून पुढे ट्रेनने जावं लागतं, म्हणजे ऑफिसच्या दिवशी घरची एकमेव गाडी पार्किंगमध्ये अडकली. शार्लट विमानतळालाही रेल्वे नाही, बस आहे.

‘पुढे लाइन येणार आहे’ या भरवशावर घर घेऊ नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. शार्लटहून उत्तरेला लेक नॉर्मनकडे जाणारी नियोजित रेड लाइन कितीतरी वर्षं अडून राहिली, कारण रूळ नॉरफोक सदर्न या मालगाडी कंपनीचे होते. ते रूळ विकत घ्यायचा 9.1 कोटी डॉलरचा व्यवहार शहराने 2024 मध्ये मंजूर केला. नोव्हेंबर 2025 मध्ये शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीच्या मतदारांनी एक टक्का वाहतूक कर मंजूर केला, त्यामुळे आता पैसा येईल, पण बांधकामाला वर्षं लागतील. आरटीपीच्या भागातल्या डरहॅम-ऑरेंज लाइट रेलचं तर डिझाइन बरंच पुढे गेलं होतं, कोट्यवधी डॉलर खर्च झाले होते, आणि ड्यूक विद्यापीठाने करारावर सही करायला नकार दिल्यावर 2019 मध्ये तो प्रकल्प बंद पडला. भाड्याने राहणाऱ्याने आज धावणारी ट्रेनच मोजावी.

ट्रँगलमध्ये, म्हणजे रॉली, डरहॅम, केरीच्या परिसरात, शहरी रेल्वे नाही. आरटीपी 1959 साली झाडीत दूरदूर कॅम्पस ठेवून, गाडीने येणाऱ्यांसाठीच आखलेलं आहे. 7,000 एकरांत बसस्टॉपपासून ऑफिसच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पाच सगळ्यात अवघड जातो. पण आईवडिलांच्या दृष्टीने मॉरिसव्हिल तिन्हींत सरस. गावाचे जवळपास निम्मे रहिवासी आशियाई वंशाचे, हिंदू मंदिर गावातच, आणि चर्च स्ट्रीट पार्कचं क्रिकेट मैदान असं की 2023 मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथे झाले. गावाची मोफत स्मार्ट शटल ठरावीक थांब्यांमध्ये बोलावल्यावर येते. घर एखाद्या थांब्याजवळ घ्या, म्हणजे तुम्ही ऑफिसात असताना आईबाबा कोंडून पडणार नाहीत. शार्लटला जायचं झालं तर केरीहून अ‍ॅमट्रॅक या लांब पल्ल्याच्या रेल्वेची पीडमाँट ट्रेन तीन तासांच्या आसपास सोडते. फक्त शार्लटचं अ‍ॅमट्रॅक स्टेशन अपटाउनच्या बाहेर आहे, पुढची सोय आधी करून ठेवा.

केरी-मॉरिसव्हिलमध्ये लोक शाळेच्या बाबतीत अडकतात. ही गावं ज्या वेक काउंटीत आहेत तिचा शाळा-जिल्हा संपूर्ण काउंटीचा एकच आहे, आणि भरलेल्या शाळांवर प्रवेशमर्यादा असते. समोर दिसणारी शाळा तुमच्या पत्त्याची असूनही नव्याने आलेल्या मुलांना दुसऱ्या, ‘ओव्हरफ्लो’ शाळेत पाठवतात. काही शाळा वर्षभराच्या वेळापत्रकावर चालतात, साधारण 45 दिवस शाळा आणि 15 दिवस सुट्टी. दोन मुलांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या पडल्या तर एका गाडीच्या घराची फार ओढाताण होते. लीजवर सही करण्याआधी नेमका पत्ता जिल्ह्याच्या साइटवर टाका, आणि त्या शाळेवर ‘कॅप’, म्हणजे प्रवेशमर्यादा, आहे का हे फोन करून विचारा. दलालाच्या शब्दावर जाऊ नका.

प्रवास तपासताना नकाशात मंगळवारी सकाळी 8:45 ला पोहोचायचं असं टाका, मग संध्याकाळी 6:30 चा परतीचा, मग रविवार दुपारचा. दोन ट्रेन किंवा बसमधलं अंतर अर्ध्या तासाच्या वर गेलं की एक चुकल्याचा भुर्दंड मोठा असतो, तो मार्ग रोजचा धरू नका.

करांचंही थोडं. 2025 साठी नॉर्थ कॅरोलायनात (शार्लट, केरी) आयकर सरसकट 4.25 टक्के होता, जॉर्जियात (अटलांटा) 5.19. पण गाडी सोबत नेताना फरक जास्त जाणवतो. जॉर्जियात नवीन रहिवाशाला गाडीच्या मूल्यावर 3 टक्के टायटल टॅक्स एकदाच भरावा लागतो आणि लायसन्स 30 दिवसांत बदलावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनात गाडी आधीच्या राज्यात किमान 90 दिवस तुमच्या नावावर असेल तर गाडी नावावर करतानाचा हायवे यूज टॅक्स 250 डॉलरच्या वर जात नाही, लायसन्सला 60 दिवस मिळतात, पण गाडीवरचा मालमत्ता कर दर वर्षी नोंदणीसोबत येतो. न्यू जर्सीत तो नसतो, त्यामुळे दोन गाड्या घेणार असाल तर बजेटमध्ये तो दोनदा धरा.