गोचिडाच्या शरीरातील जीवाणू आणि त्याची प्रतिकारशक्ती

प्रश्न : आमच्या संकरित गायींना गोचिडांचा फार त्रास होतो. गोचिडाच्या शरीरात त्याला उपयोगी पडणारे जीवाणू असतात, असे वाचनात आले. त्याची प्रतिकारशक्ती त्यांना मारत कशी नाही? आणि गायीला प्रतिजैविक देऊन ते जीवाणू मारले, तर गोचीडही संपतील का?
— एक दूध उत्पादक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : गोचीड जन्मभर केवळ रक्तावर जगतो आणि रक्तात ब गटातील जीवनसत्त्वे अत्यल्प असतात. ही उणीव सहजीवी जीवाणू भरून काढतात. आपल्या गुरांवर सर्रास आढळणाऱ्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गोचिडात ते काम कॉक्सिएलाशी नाते असलेला एक जीवाणू करतो. एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी गायीच्या अंगावरून गळून गोठ्याच्या भेगेत अंडी घालते, तेव्हा तिच्या अंडाशयातून तो अंड्यांत उतरलेला असतो. तो बचावतो याचे एक कारण त्याच्या मुक्कामाच्या जागेत आहे : अंडाशय आणि उत्सर्जनाच्या नलिका यांतील पेशींच्या आत तो राहत असल्याने, शरीरद्रवात फिरणाऱ्या भक्षक पेशींचा मारा त्याला सहसा सोसावा लागत नाही.

आतड्यातील जीवाणूंचे प्रकरण वेगळे आणि माझ्या मते अधिक रंजक आहे. अमेरिकेत हरणांवर आढळणाऱ्या गोचिडाच्या अळी अवस्थेत शास्त्रज्ञांनी या जीवाणूंचे संतुलन मुद्दाम बिघडवले आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. संतुलन बिघडताच प्रतिकारयंत्रणेतील स्टॅट हा संदेशवाहक घटक मंदावला, आतड्याच्या आतला संरक्षक पडदा पातळ झाला आणि गोचिडाच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या लाइम रोगाच्या बोरेलिया जीवाणूला तेथे बस्तान बसवणे जड गेले. पडदा पातळ झाल्यावर रोगजंतूचे फावेल, असे कोणालाही वाटेल; परंतु बोरेलिया याच पडद्याच्या आडोशाने आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. याउलट ॲनाप्लाझ्मा हा जंतू तोच पडदा स्वतःच पातळ करून आत शिरतो. म्हणजे जीवाणूंनी जागती ठेवलेली प्रतिकारशक्ती एका रोगजंतूच्या पथ्यावर पडते, तर दुसऱ्याच्या आड येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पोट भरलेल्या माद्यांना प्रयोगशाळेत टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिले असता त्यांनी अंडी घातली, मात्र सहजीवी जीवाणू जवळपास नसलेली त्यांची पिल्ले प्रौढ होऊ शकली नाहीत. तरीही यासाठी गायीला प्रतिजैविक देऊ नये. त्याचा अंश दुधात उतरतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू निपजतात. त्याऐवजी गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात आणि गोचीडनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आलटून पालटून वापरावे.